बॉनेटखालील नळ्या

मोटारीचे बॉनेट उघडले म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर काळ्या रबरी नळ्यांचे जे जाळे दिसते, ते पाहून पुष्कळ गृहस्थ बॉनेट मुकाट्याने पुन्हा लावून टाकतात. १९८३ साली आलेली व २०१४ साली उत्पादन थांबलेली मारुती ८०० ज्या घरी अजून ममतेने सांभाळली जाते, तेथे हा प्रसंग विशेषच. रबर इंजिनाच्या तापाने कडक होते, चिरते, आणि नळ्या बदलणे भाग पडते. मग सर्व नळ्या एकदम उपटल्या जातात, व हाती चार टोके आणि समोर चार तोंडे असा पेच उभा राहतो. येथे अंदाज कामाचा नाही. कारण यांतली एक नळी बहुधा ब्रेकची असते.

पेट्रोल इंजिनातील दट्ट्या हवा ओढीत असतो, पण थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्याने ती पुरेशी आत येत नाही. त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर; निरोगी इंजिन जागच्या जागी मंद चालत असता मॅनिफोल्डमधील दाब त्याहून सुमारे ४३० ते ५३० मिलिमीटरने कमी असतो. यासच आपले मेकॅनिक 'व्हॅक्यूम' म्हणतात. पुण्यास ही ओढ मुंबईपेक्षा सुमारे ५० मिलिमीटर कमी भरेल. तो दोष उंचीचा, इंजिनाचा नव्हे. (डिझेल गाडीत अशी ओढ सहसा नसते, म्हणून तिला निराळा पंप लागतो.)

नळी ओळखावयाची ती तिच्या दुसऱ्या टोकावरून. सर्वांत जाड व भक्कम नळी चालकासमोरील पडद्याला लागून असलेल्या वाटोळ्या डब्याकडे जात असेल, तर तो ब्रेक बूस्टर होय. तिच्या वाटेत एकमार्गी झडप असते, व तिला थ्रॉटलच्या पलीकडचे, मॅनिफोल्डचे मोठे तोंडच हवे. इंजिनाच्या वरच्या झाकणातून येणारी, आतून तेलकट नळी पीसीव्ही व्हॉल्व्हची. तिच्या जागी तेल न सोसणारी साधी नळी लावू नये. बारीक नळ्यांपैकी एखादी पेट्रोलच्या दाबनियंत्रकाकडे जाते. तिच्यात पेट्रोल आढळले तर आतील पडदा फाटला असे समजावे, व ती गाडी रस्त्यावर काढू नये.

खरा घोटाळा कार्ब्युरेटरवरील दोन सारख्या दिसणाऱ्या तोंडांचा. एकास सदैव ओढ असते. दुसऱ्यास थ्रॉटल थोडा उघडल्यावरच, आणि डिस्ट्रिब्यूटरची नळी पुष्कळ गाड्यांत या दुसऱ्यावर बसते. गाडी उघड्या जागी न्यूट्रलमध्ये उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन मंद चालू ठेवून तोंडावर बोट धरावे. बोट ओढले गेले तर ते पहिले. वेग वाढविल्यावर ओढले गेले तर दुसरे. पदर, उपरणे, सैल बाही पंख्यापासून दूर असावी, हे सांगणे आम्हांस अवश्य वाटते. एखादे तोंड उघडे राहिले की सूं सूं आवाज येतो व इंजिन अडखळते. गळती शोधण्यास तापल्या इंजिनावर पेट्रोल उडविणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांस घरात थारा देऊ नये.

हे सारे शोधन टाळावयाचे असेल तर नळी काढण्यापूर्वीच दोन्ही टोकांस एकाच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, व हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असल्याने एक छायाचित्रही घ्यावे.

नळ्या बसल्यावर, बूस्टर असलेली गाडी फाटकाबाहेर काढण्याआधी इंजिन बंद ठेवून ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत चारपाच वेळा दाबावे, ते तसेच दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले, तर ब्रेकची नळी योग्य ठिकाणी आहे. न गेले, तर गाडी तेथेच उभी ठेवून मेकॅनिकला घरी बोलवावे.