विद्यार्थ्यांचे संशोधन आणि तेंदूपत्त्याचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवी अभ्यासक्रमात संशोधनाला मानाचे स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतील पोंभुर्ण्यासारख्या तालुक्यातील विद्यार्थ्याला तर अभ्यासविषय शोधावयास दूर जावयाचे कारणच नाही. तथापि ‘आदिवासींच्या आर्थिक समस्या’ असे विशाल शीर्षक, जुन्या प्रबंधांतून उतरवलेली पाने आणि शेवटी ठरावीक शिफारशी, एवढाच प्रकल्पाचा अर्थ होणार असेल, तर त्यातून गुण मिळतील. ज्ञान मिळणार नाही.

संशोधनाचा प्रश्न लहान आणि मोजता येण्याजोगा असावा. तेंदूपत्त्याचेच पाहा. महाराष्ट्रात ७० पानांचे एक पुडके आणि १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी मानतात. म्हणजे गोणीमागे ७०,००० पाने तोडावी लागतात. त्यासाठी एका कुटुंबातील किती माणसे किती तास राबली आणि तेवढ्याच तासांना किमान वेतनाने किती मिळाले असते, हा एका हंगामात, एका गावात सुटणारा प्रश्न आहे. त्यासाठी प्रथम सर्व कुटुंबांची यादी करावी. रस्त्यालगतची, ओळखीची घरे न घेता चिठ्ठ्या टाकून वीस निवडावीत. नोंद रोजच्या रोज व्हावी. उन्हाळ्यातले तास दिवाळीत कोणाला आठवणार? शिवाय केवळ कुटुंबप्रमुखाला विचारून भागणार नाही. पुडकी बांधणाऱ्या स्त्रियांना विचारल्याखेरीज श्रमाचा हिशेब अपुराच राहील.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने निर्णयापूर्वी अभ्यास करणारे अभ्यासगट चालवले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्याने आपला बांबू स्वतः विकला.

आज ज्या ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः पाहतात, त्यांना कंत्राटदाराशी दर ठरवताना श्रमाचा असा हिशेब हाताशी हवा असतो. म्हणून प्रकल्प परीक्षकाकडे जाण्यापूर्वी तो साध्या मराठीत, कुटुंबांची नावे गाळून, ग्रामसभेत वाचला जावा. महाविद्यालयांनीही बांधीव प्रतीइतकेच गुण मूळ नोंदवहीला द्यावेत. दिवसभर राबून ज्याने माहिती सांगितली, त्याला निष्कर्ष कळलाच नाही, तर ते संशोधन म्हणजे परत न केलेली उसनवारी ठरेल. आणि निष्कर्षात चूक असेल, तर ती गावाइतकी लवकर कोणीही दाखवणार नाही.