फ्रेंच शिकून काय करणार?

जबलपूरच्या मराठी घरात बारावी झालेल्या मुलीने फ्रेंच घेऊन बी.ए. करायचे म्हटले, की वडील विचारतात, ‘नोकरी कोण देणार?’ आई म्हणते, ‘त्यासाठी दिल्लीला कशाला? एखादा क्लास लाव.’ दोघांचेही चुकत नाही. फक्त आईच्या बोलण्यात क्लास आणि पदवी यांची गल्लत झालेली असते.

डेल्फसारख्या परीक्षेतून भाषा किती येते एवढेच कळते. विद्यापीठात भाषा ही नुसती सुरुवात. मराठी मुलीला ती फार परकी वाटू नये. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद फ्रेंचमध्येही आहे. निर्जीव वस्तूंनाही लिंग आहे, आणि तेही आपल्यासारखी तीन नाहीत, दोनच. ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार वीस’ म्हणतो. विसांवर मोजणाऱ्या पणजीला त्यात काही नवल वाटले नसते!

अशाच ‘चार वीस’ दिवसांतली पृथ्वीप्रदक्षिणा ज्यूल व्हर्नने १८७२ मध्ये लिहिली. व्हर्न मराठी मुलांच्या ओळखीचा झाला तो भा. रा. भागवतांमुळे. मोलिएरच्या नाटकावरून अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ लिहिले. फ्रेंच साहित्य आपल्या घरात असे केव्हाच येऊन बसले आहे. पण व्हर्नच्या त्या कथेत एक गंमत आहे. मुंबईहून अलाहाबादकडे निघालेली गाडी मध्येच थांबते, कारण पुढे रूळच नाहीत. मग फॉगसाहेब हत्ती विकत घेतात, जंगलातून जातात आणि सती जाणाऱ्या तरुणीला वाचवतात. कथेचा काळ ऑक्टोबर १८७२. प्रत्यक्षात हा लोहमार्ग मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता, आणि तोही जबलपूरला!

व्हर्नला हे माहीत नव्हते, की हत्ती आणि चिता दाखवण्यासाठी त्याला रूळ तुटलेलेच हवे होते? फ्रेंच वाचकाला हिंदुस्थान असाच पाहायचा होता का? मूळ पुस्तक समोर ठेवून असे प्रश्न विचारायला विद्यापीठात शिकवतात. क्लासमध्ये त्याला वेळ नसतो.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके गोड नाही. साधी पत्रे, माहितीपत्रके यांचे भाषांतर आता संगणक क्षणात करतो. त्यावर पोट भरण्याचे दिवस सरले. अध्यापन, दुभाष्याचे काम, साहित्याचा अनुवाद, फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या या वाटा आहेत. पण तिथे भाषा मुरलेली लागते, शिवाय कायदा किंवा व्यापार यांसारखा दुसरा विषयही हाताशी असलेला बरा.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचची सुरुवात मुळाक्षरांपासून करता येते. २०२२ पासून तिथला पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो. आईला दिल्ली लांब वाटत असेल, तर काशी हिंदू विद्यापीठातही फ्रेंच आहे. बनारसची गाडी जबलपूरहून अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, त्याच वाटेने जाते. हत्तीची गरज पडत नाही.