कुंडीतली कुंती

घरातील वडीलधाऱ्यांना सांभाळता येईल असे एखादे सदाहरित, शोभिवंत झाड सुचवा, अशी विचारणा या सदराकडे वारंवार होते. येथे झाडाच्या आधी ते सांभाळणाऱ्याच्या गुडघ्यांचा, नजरेचा आणि स्मरणशक्तीचा विचार करावा लागतो. तो केला की आमची निवड कुंतीपाशी येऊन थांबते.

कुंतीला काहीजण कामिनी म्हणतात. कढीपत्त्याची ही जवळची नातलग. हिला काटे नाहीत, पाने बारमाही हिरवी व तुकतुकीत असतात आणि पावसाची सर येऊन गेली की पांढऱ्या, सुगंधी फुलांचा बहर येतो. (दम्याचा त्रास असल्यास कुंडी शयनगृहाच्या खिडकीपासून दूर ठेवावी.) कण्हेर अधिक देखणी वाटेल, परंतु तिचे सर्वच भाग विषारी आहेत. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती किंवा लहान नातवंडे असतील, त्या घरात ती आणूच नये. कुंतीची तांबडी फळेही खाण्यासाठी नव्हेत; दिसताच खुडून टाकावीत.

१२ इंची कुंडी पुरेशी होते. भिजलेल्या मातीसह तिचे वजन सहज १५ ते २० किलो भरते, म्हणून ती कोठे ठेवायची हे माती भरण्यापूर्वीच ठरवावे. चार-पाच तास ऊन मिळेल अशी पूर्वेकडील गॅलरी उत्तम. कुंडी भक्कम, न डगमगणाऱ्या कट्ट्यावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागणार नाही. वाकून झटकन उठताना येणारी भोवळ हे वृद्धांच्या पडण्याचे नेहमीचे कारण आहे. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू, एवढे मिश्रण पुरे.

कुंती मरते ती बहुधा जास्त पाण्याने. मातीत बोटाचे पेर खुपसावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. आता खरी अडचण. सकाळी पाणी घातल्याचे आजोबांना दुपारी आठवत नाही आणि ते पुन्हा तांब्या घेऊन निघतात. अशा वेळी शुश्रूषा करणारी व्यक्ती त्रासून ते काम स्वतःकडे घेते. आमच्या मते हे टाळावे. ज्याच्या हातून औषधे, पैसे, स्वयंपाकघर असे सारेच एकेक करून काढून घेतले गेले आहे, त्याच्याकडून झाडही काढून घेण्याची घाई कशाला? सकाळी एक लिटरची झारी भरून ठेवावी. ती रिकामी झाली की त्या दिवसाचे पाणी संपले. पुन्हा हात वळवळलेच, तर पाने पुसायला ओले फडके द्यावे. कितीही वेळा पुसली तरी पाने बिघडत नाहीत, उलट धूळ जाते. मातीची, तळाला भोक असलेली कुंडी घेतली तर जास्तीचे पाणी लवकर निघून जाते.

बहर ओसरल्यावर शेंडे छाटावेत. बोटांचे सांधे दुखत असतील तर रोज तीन-चार फांद्याच. मधुमेह असल्यास हातमोजे आणि बंद पादत्राणे हवीतच. बारीकशी जखमही चिघळू शकते. महिन्याकाठी मूठभर गांडूळखत द्यावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून काढावेत. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी रोज ओतून द्यावे, कारण साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होऊ शकतात. हे ओणवे होऊन करण्याचे काम मात्र घरातील तरुणांनी करावे.

कधी पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसेल आणि दुसऱ्या दिवशी तो थोडा सरकलेला असेल. ती फुलपाखराची अळी. फवारणी नको, ती चार पाने खाईल, पुढे हिरवी होईल आणि एके दिवशी दिसेनाशी होईल. तोवर ती आज कोणत्या पानावर आहे, हे आजोबांनाच पाहायला सांगावे.