एक हजार नऊ धावा आणि बाकीची मुले

जानेवारी 2016 मध्ये कल्याण येथे आंतरशालेय क्रिकेट सामन्यात एका मुलाने एकट्याने नाबाद 1009 धावा काढल्या. त्याच्या संघाने 3 बाद 1465 धावांवर डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी शाळेचे दोन्ही डाव 31 आणि 52 धावांत आटोपले. देशभर जयजयकार झाला. त्या मुलाच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही. परंतु सीमारेषेकडे चेंडूमागे धावून दमलेली अकरा मुले या सामन्यातून काय शिकली, आणि विजयी संघातील ज्या निम्म्याहून अधिक मुलांच्या हाती बॅटही आली नाही त्यांनी काय कमावले, हे प्रश्न कोणालाही पडले नाहीत.

हा एका सामन्याचा दोष नव्हे. शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने घेतल्या जातात. ज्या संघाला खेळण्याची गरज सर्वांत अधिक, तोच पहिल्या दिवशी घरी परततो. दहावी-बारावीचे क्रीडागुण, सरकारी नोकरीतील 5 टक्के राखीव जागा, शिक्षणसंस्थांची जाहिरातबाजी ही सर्व प्रलोभने मुख्यतः स्पर्धेतील यशाशी जखडलेली आहेत. अशा स्थितीत प्रशिक्षक मुले घडविण्याऐवजी निवडू लागला, तर नवल ते काय?

आणि ही निवड होते कोणाची? एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचेच प्राबल्य असल्याचे संशोधकांनी 1985 सालीच दाखवून दिले. ज्याला गुणवत्ता म्हणून हार घातले जातात, ते पुष्कळदा केवळ आधी जन्मल्याचे फळ असते. त्याच हव्यासाची पुढची पायरी म्हणजे खोटे जन्मदाखले. कनिष्ठ क्रिकेटमधील या वयचोरीवर राहुल द्रविड यांनी 2015 साली जाहीर व्याख्यानात कठोर टीका केली होती. उशिरा वाढणारे, अर्धपोटी राहणारे, खासगी अकादमीचे शुल्क न परवडणारे मूल मात्र दाखल्याशिवायच मैदानाबाहेर जाते. अर्थशास्त्रात याला एकच नाव आहे: भांडवल खाऊन नफा दाखविणे.

‘स्पर्धा नसेल तर जिद्द कशी निर्माण होणार?’ असा आक्षेप घेतला जातो. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने 1987 साली मुलांच्या खेळाविषयी नियम स्वीकारले व पुढे ते सुधारले. तेथे अकराव्या वर्षापूर्वी गुणतक्ते व क्रमवारी नाही, तेराव्या वर्षापूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. लहान मुलांना बक्षीस द्यायचेच तर ते सर्वांना. सुमारे 54 लाख वस्तीच्या या देशाने 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदके मिळविली. बर्फ आणि श्रीमंती यांचा त्यात वाटा आहे, हे मान्य. पण 2021 साली टोकियोत 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत विश्वविक्रम करणारा कार्स्टन वारहोल्म काही बर्फावर धावला नव्हता. शिवाय दहा वर्षांच्या मुलांची क्रमवारी न लावण्यास पैसा लागत नाही. लागते ती केवळ सुबुद्धी.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. बारा वर्षांखालील मुलांसाठी बाद पद्धत बंद व्हावी. संघातील प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष खेळण्याची संधी नियमानेच मिळावी. क्रीडाशिक्षकाचे मूल्यमापन करंडकांवरून न होता, किती मुले व मुली पाच वर्षांनंतरही मैदानावर टिकून आहेत यावरून व्हावे. शाळा व्यवस्थापन समित्यांत आणि नगरपालिकांत बसणाऱ्या कार्यकर्त्यांना हे प्रश्न उद्याच विचारता येतील.

करंडक शाळेच्या कपाटात धूळ खात पडतो. हाकलून दिलेले मूल मात्र पुन्हा मैदानावर येत नाही. समाजाने हिशेब ठेवायचा तो या दुसऱ्या गोष्टीचा.