‘एरर आलाय, थांबा’

तालुक्याच्या गावी दवाखाना, बँक, तलाठी कार्यालय, कुठेही जा, एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘एरर आलाय, थांबा.’ जेऊर किंवा केमहून एसटीने करमाळ्यात आलेला माणूस मुकाट्याने थांबतो. काय बिघडले ते त्याला कळत नाही आणि खिडकीमागच्या कर्मचाऱ्यालाही कळत नाही. तो तेच बटण पुन्हा दाबतो. बहुतेक वेळा काम होऊन जाते, आणि सवय लागते. यात मी कर्मचाऱ्याला दोष देणार नाही. दोष नुसता ‘एरर’ दाखवून मोकळ्या होणाऱ्या प्रोग्रामचा आहे.

ही सवय जिवावर कशी बेतते, याचे वैद्यकातले गाजलेले उदाहरण म्हणजे थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले किरणोपचाराचे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून किरणांचा प्रचंड जादा डोस गेला. यंत्र चालवणारी व्यक्ती वेगळ्या खोलीत बसून कीबोर्डवरून आज्ञा देत असे. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे ऑपरेटर महिलेकडून उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप झाला; तिने तो लगेच दुरुस्तही केला. पडद्यावर उमटले ‘मालफंक्शन ५४’. म्हणजे काय, हे यंत्रासोबतच्या पुस्तकात समजावलेलेच नव्हते, आणि असे आकडे तर नेहमीच येत. तिने ‘पुढे चला’साठीचे ‘पी’ अक्षर दाबले. आतल्या रुग्णाला दुसऱ्यांदा झटका बसला. पडदा मात्र डोस कमी गेल्याचे सांगत होता! कंपनीच्या तंत्रज्ञांना तपासात काही सापडले नाही. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि तीन आठवड्यांत तिथेच दुसरा रुग्ण भाजला. दोघेही त्याच वर्षी दगावले. शेवटी रुग्णालयाचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर त्या ऑपरेटरला घेऊन कीबोर्डसमोर बसले आणि तेच टाइपिंग पुन्हा पुन्हा करून पाहिले. दुरुस्ती फार झपाट्याने केली की प्रोग्राम गोंधळतो, हे तेव्हा उघड झाले. आधीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी किरण अडवणारी यांत्रिक कडी होती. प्रोग्रामवर भरवसा ठेवून ती काढून टाकली होती.

टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारे प्रोग्राम आजही आहेत; रात्री सर्व्हरवर ते गुपचूप काम करत असतात. त्यांची एक जुनी, चांगली रीत आहे. काम संपले की प्रोग्राम एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे नीट झाले, दुसरा कुठलाही म्हणजे काहीतरी बिघडले. पण तो आकडा कोणी पाहायला हवा ना? रुग्णांच्या नोंदींची प्रत काढताना डिस्क भरली, प्रत अर्धवट राहिली, आणि पुढच्याच ओळीत आकडा न तपासता जुनी प्रत पुसण्याची आज्ञा लिहिलेली असेल, तर सकाळी धड नवी नाही आणि जुनीही नाही. पडद्यावर मात्र ‘काम पूर्ण’.

याबाबतीत चांगल्या लॅब शहाण्या. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच जास्त दिसते. अशा वेळी तो आकडा खरा म्हणून छापून दिला जात नाही; ‘नमुना खराब झाला, पुन्हा पाठवा’ असा निरोप येतो. काय झाले आणि आता काय करायचे, दोन्ही कळते. सरकारी दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेताना निविदेतच ही अट घालावी : प्रत्येक एररचा निरोप मराठीत, पुढे काय करायचे यासह. आणि रुग्णाला धोका असेल तिथे ‘पुढे चला’चे बटणच नको.

घरच्या ग्लुकोमीटरचा निरोपही इंग्रजीतच असतो. आकड्याऐवजी ‘एचआय’ अक्षरे आली की मीटर बिघडले असे समजून ते कपाटात जाते. वास्तविक रक्तातली साखर मोजता येण्यापलीकडे चढली आहे, असे ते सांगत असते. बऱ्याच मीटरमध्ये ही मर्यादा ६०० असते. हात धुऊन, पुसून पुन्हा तपासा. पुन्हा तेच आले तर लगेच दवाखाना गाठा. ‘एलओ’ आले तर साखर फार खाली गेली आहे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर आधी साखरपाणी पाजा, मग निघा.