दार वाजवून गाडी घ्यावी का?



कुंभाराकडून मडके घेताना आपण बोटाने टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी तडा. ही पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा. उसाचे बिल हाती आले की शिरूर-दौंडकडचे पुष्कळ जण जुनी गाडी बघायला निघतात आणि तिथेही हीच परीक्षा चालते. दार उघडायचे, दाणकन लावायचे आणि मान डोलवायची, "दणकट आहे हो!"

पण दाराचा हिशेब मडक्याच्या उलटा आहे. मडके खणखणीत हवे, दार मात्र बद्दच वाजायला हवे.

असे का? गाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. पातेल्यावरचे झाकण फरशीवर पडले की किती वेळ झणझणत राहते, पण त्यावर तळहात ठेवला की लगेच गप्प होते. दाराचेही तसेच. आतून पत्र्याला डांबरी पट्टी चिकटवलेली असेल, तर ती तळहाताचे काम करते आणि पत्रा झणझणत नाही. दाराभोवतीचे पोकळ रबर धक्का झेलते. लॉकच्या आकड्यावर प्लॅस्टिकचे वेष्टण असले, की लोखंडावर लोखंड आपटत नाही. एवढे जमले की 'धप्प' असा एकच जाड आवाज येतो. पट्टी सुटली, रबर वाळले, आतली काच किंवा दांडी सैल झाली, की 'खडाण्‌' होते आणि मागून बारीक खुळखुळाट ऐकू येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. धप्प आवाज म्हणजे मजबुती नव्हे. गिऱ्हाइकाचा कान कशाला भुलतो हे कारखानदारांना पक्के ठाऊक असते, आणि तो आवाज ते मुद्दाम घडवतात. अपघातात माणूस वाचतो तो दारात लपवलेल्या पोलादी दांडीने, दोन्ही बाजूंच्या खांबांनी, सीटबेल्टने आणि हवेच्या पिशव्यांनी. यांतले काहीही दाराच्या आवाजात ऐकू येत नाही. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष आपटूनच पाहावी लागते. आपल्याच शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या टाटा-फियाट भागीदारीतल्या कारखान्यात बनणाऱ्या नेक्सॉन गाडीला २०१८ च्या डिसेंबरात 'ग्लोबल एनकॅप'च्या अशा चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते प्रथमच मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाचीही 'भारत एनकॅप' चाचणी सुरू झाली आहे. नवी गाडी घेताना तारे विचारा, दार वाजवत बसू नका.

मग जुन्या गाडीला दार वाजवण्याचा उपयोग नाही का? आहे, आणि चांगला आहे. फक्त एक दार वाजवून थांबू नका. चारही दारे वाजवा. एक काच थोडी खाली ठेवा, नाहीतर आत कोंडलेली हवा दाराला अडवते. मग वीतभर अंतरावरून, सारख्याच जोराने, एकेक दार लावा. तीन दारे धप्प आणि चौथे खडाण्‌ वाजले, तर त्या चौथ्याची चौकशी करा. ते दार पूर्वी ठोकलेले असू शकते.

अशा दारावर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. ते एखाद्या जागी धरत नसेल, तर तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याचा संभव आहे. दार अर्धे उघडून टोकाला धरून वर उचला. खालीवर हलले तर बिजागरी झिजली. रबरावर कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निसटली तर रबर मेले, आणि त्या फटीतून उसाच्या रस्त्यांवरचा फुफाटा थेट लेकरांच्या नाकात जाईल.

गेल्या हंगामात आम्ही एका पाहुण्यांबरोबर गाडी बघायला गेलो होतो. रंग झकास, किंमत बेताची. मागचे डावे दारच वेगळे वाजले, आणि चुंबक तिथे वीतभर जागेत धरेना. "रंग बघून भाळलो होतो," म्हणत पाहुण्यांनी विसार परत खिशात घातला.

शेवटी एक विनंती. लॉकला दोन टप्पे असतात. पहिल्यावर दार अडकते, दुसऱ्यावर पक्के बसते. पहिल्या टप्प्यावरचे दार लागल्यासारखे दिसते, पण ते पुरते लागलेले नसते. लग्नाला, जत्रेला निघताना गाडीत माणसे दाटून बसतात, आणि दाराशी हमखास पोरच असते. तेव्हा निघण्यापूर्वी खाली उतरा आणि प्रत्येक दार बाहेरून ढकलून बघा. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.