घर बदललं, गुन्हा नाही केला

मी ओकव्हिलमध्ये साइट सुपरवायझर आहे. नुकतंच गावातल्या गावात घर बदललं. ट्रफाल्गर रोडजवळच्या बेसमेंटमधून डंडास स्ट्रीटच्या उत्तरेला, नव्या वसाहतीत. गाडीने दहा मिनिटं. सामान दोन फेऱ्यांत हललं. घरचं इंटरनेट हलवायला मात्र सोळा दिवस लागले. आणि वर हातात आला दोन वर्षांचा नवा करार, जो मी मागितलाच नव्हता.

फोन केला तेव्हा साइटवर स्लॅबचं काँक्रीट चालू होतं. म्हटलं, फक्त पत्ता बदला. उत्तर आलं, जुना प्लॅन नव्या पत्त्यावर मिळणार नाही. नवा प्लॅन महाग आणि चोवीस महिने पहिल्यापासून सुरू. जुन्या कराराचे माझे दहाच महिने उरले होते, ते गेले कुठे? नको असेल तर रद्द करा म्हणे, पण मग मुदतीआधी सोडल्याचा दंड भरा. इकडे आड, तिकडे विहीर. पंप खोळंबलेला, पोरं माझ्याकडे बघतायत. मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. चूक माझी. पण त्या ‘हो’ वरच त्यांचा धंदा चालतो.

त्या सोळा दिवसांत माझ्यासोबत राहणाऱ्या सांगलीकडच्या पोराच्या वर्क परमिटची मुदत संपत आली होती. मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन करायचा. दिवसभर काम करून रात्री फोनच्या हॉटस्पॉटवर तो एकेक कागद चढवत बसला. दोन दिवस उरले असताना अर्ज गेला. नसता गेला तर? इंटरनेट ही आपल्यासाठी सिनेमा बघायची चैन नाही. त्यावर परमिट आहे, शिफ्टचा मेसेज आहे, घरी पैसे पाठवणं आहे, पोरांचं तोंड बघणं आहे.

आता मुद्द्याचं. परांची एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला लावली म्हणून ती परत विकत घेतो का आपण? मी गिऱ्हाईक तोच, कंपनी तीच, पैसे वेळेवर. करार मोडायला निघालो नव्हतो, उरलेले महिने पूर्ण करायला तयार होतो. मग पत्ता बदलणं ही नवी विक्री कशी झाली?

कंपनी म्हणेल, खर्च येतो. बरोबर. रस्त्यापासून घरापर्यंत नवी केबल ओढावी लागली, तर त्या कामाचे एकदाच पैसे घ्या, आधी आकडा सांगून घ्या. पण मी बांधकामातला माणूस आहे. नव्या वसाहतीत घरं उभी राहायच्या आधीच जमिनीत केबलचे पाइप पडतात, ते काम माझ्या डोळ्यांसमोर होतं. लाइन घरात आलेली असेल तर पुष्कळदा काम ऑफिसात बसूनच होतं. त्यासाठी दोन वर्षं बांधून घ्यायची? आणि नव्या पत्त्यावर कंपनीची लाइनच नसेल, तर सेवा देता येत नाही ती कंपनीला. मग दंड मी का भरायचा?

घर सगळ्यात जास्त कोण बदलतं बघा. स्वतःचं घर असलेला नाही. आपण बदलतो. काम हललं की, भाडं वाढलं की, मालकाला बेसमेंट हवं झालं की. म्हणजे हा भुर्दंड नेमका आपल्याच खिशातून जातो.

कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. सीआरटीसी या सरकारी नियामकाची इंटरनेट संहिता ३१ जानेवारी २०२० पासून मोठ्या कंपन्यांना लागू आहे. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय करारातल्या मुख्य अटी मुदतीच्या मध्येच बदलता येत नाहीत. करारात संदिग्ध काही असेल तर अर्थ गिऱ्हाइकाच्या बाजूने लावायचा. फोनवर ठरलं एक आणि कागदावर आलं दुसरं, तर ४५ दिवसांच्या आत दंड न भरता रद्द करता येतं. सेवा बंद करायला तीस दिवसांची नोटीस मागण्यावर २३ जानेवारी २०१५ पासूनच बंदी आहे. कंपनी ऐकत नसेल तर सीसीटीएस या स्वतंत्र संस्थेकडे तक्रार करा, एक पैसा लागत नाही. आधी कंपनीकडे तक्रार केलेली असली पाहिजे एवढंच.

पण ‘संमती’ या शब्दातच सगळी गोम आहे. घाईत म्हटलेलं ‘हो’ संमती ठरतं. म्हणून नियमातच स्पष्ट लिहिलेलं हवं: घर बदलल्यावर उरलेलेच महिने चालतील, आणि सेवा पोचत नसेल तर दंड नाही. हे अशक्य नाही. भारतात २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाईल कंपनी बदलता येते. त्याआधी कंपन्या हेच सांगायच्या की अवघड आहे. नियम आला, जमलं.

तोवर एवढं करा. कामावर असताना असला फोन करू नका. ‘आधी लेखी पाठवा, मग सांगतो’ म्हणा, आणि करार नवा की जुनाच पुढे चालू, हे त्यात लिहून घ्या. जमल्यास महिन्या-महिन्याचा प्लॅन घ्या. मोडेम परत दिलं की पावती घ्या, फोटो काढून ठेवा. चौघं राहत असाल आणि कनेक्शन एकाच्याच नावावर असेल, तर बाकीचे गेल्यावर बिल त्याच्याच गळ्यात पडतं. थकलं तर क्रेडिट त्याचं खराब होतं. तेव्हा घर सोडताना हिशेब पूर्ण करून जा.

आणि ‘जाऊ दे ना दादा, महिन्याला दहा-पंधरा डॉलरचा तर प्रश्न आहे’ हे बंद करा. चोवीस महिन्यांचा गुणाकार करा. ओव्हरटाइमचा एक तास बुडला तर आपण मुकादमाशी भांडतो. मग इथे गप्प का? मी तक्रार लिहिली आहे. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर तुम्हीही आजच लिहा.